मूल गेलेल्या पालकांचा ऑनलाइन आधारगट: कोणी जावं, कोणी थांबावं

आधी सेवेचं स्वरूप सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांना पुढचं वाचायला नको. पंधरवड्यातून एक बैठक, दीड तासाची, व्हिडिओ कॉलवर, मराठीत. एका वेळी दहा-बारा जणांच्या वर कोणी नाही. चालवणारे सगळे स्वतः मूल गमावलेले आई-वडील आहेत, पण कालपरवाचे नाहीत. आपल्या मुलाला जाऊन काही वर्षं झालेली असावीत आणि रीतसर प्रशिक्षण घेतलेलं असावं, अशी त्यांचीच अट आहे. पैसे घेत नाहीत. गटाचं नाव इथे देत नाही, कारण ते जाहीर लिहू नये असा नियम आहे आणि तो मला पटतो. नाव फुटलं की ओळखीपाळखीचे लोक डोकावतात आणि मग कोणी मोकळेपणाने बोलत नाही. असे गट बरेच आहेत. समुपदेशकाकडे, बालरोगतज्ज्ञाकडे किंवा हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारलं की पत्ता लागतो. तेव्हा कुठलाही गट निवडताना काय बघायचं, या हिशोबाने हे वाचा.

आमची धाकटी मुलगी पाच वर्षांची असताना मेंदूज्वराने गेली. ताप आल्यापासून आठवडाही पुरा झाला नाही. मोठी तेव्हा नऊ वर्षांची होती. धाकटीचं नाव इथे लिहीत नाही. ते गटात घेतो, आणि त्यासाठीच जातो म्हटलं तरी चालेल.

गटाकडे वळण्याआधी दोन गोष्टी करून पाहिल्या होत्या. एक अ‍ॅप होतं, दुःखाची रोजची नोंद ठेवणारं. पाच चेहऱ्यांपैकी आजचा चेहरा निवडायचा, दोन ओळी लिहायच्या. आठवडाभर नेमाने भरल्यावर पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडाले आणि मजकूर आला: ‘सलग सात दिवस नोंद केल्याबद्दल अभिनंदन!’ बायकोला दाखवलं. ती कितीतरी दिवसांनी हसली, एवढं श्रेय त्या अ‍ॅपला देतो आणि तो विषय संपवतो.

दुसऱ्या होत्या एक समुपदेशक. बाई सज्जन होत्या, पण भिंतीवर पाच पायऱ्यांचा तक्ता होता: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मी ‘राग’ या पायरीवर आहे असं त्यांनी सांगितलं. खरं तर मी त्यांच्या इमारतीच्या पार्किंगवर चिडलेलो होतो. पुढे गटातल्या एका ताईंनी सांगितलं की मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडलेल्या या पायऱ्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून सुचलेल्या होत्या. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या, आणि चढायचा जिना म्हणून तर मुळीच मांडलेल्या नव्हत्या. हे आधी कळलं असतं तर आपण अजून खालच्याच पायरीवर का, हा घोर लागला नसता. सगळे समुपदेशक असे नसतात. पण ज्यांनी मूल गेलेल्या पालकांबरोबर काम केलंय असेच गाठा, आणि पहिल्याच फोनवर तसं स्पष्ट विचारा. विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा.

आता गट. नोंदणीच्या अर्जात पहिला रकाना होता ‘मुलाचं किंवा मुलीचं नाव’. आपलं नाव त्याच्याखाली. मग तिची जन्मतारीख, गेल्याची तारीख, आणि नंतर एक रिकामी चौकट: ‘तिच्याविषयी काही सांगावंसं वाटलं तर’. हॉस्पिटलपासून बँकेपर्यंत तिच्या नावाचे इतके कागद भरून झाले होते, पण ती कशी होती हे एकाही कागदाला नको होतं. मी लिहिलं की चौदा हा आकडा तिला मान्य नव्हता. बारा, तेरा, पंधरा. कोणी टोकलं की पुन्हा एकपासून सुरुवात, आणि पुन्हा चौदा गायब. पहिल्या बैठकीत संचालन करणाऱ्या ताईंनी मला माझ्या नावाने हाक मारली नाही. चौदाचं काय ते त्यांनी वाचलं होतं, त्यांनी तेच विचारलं.

याच अर्जात पुढे मात्र एक रकाना आहे, ‘एकूण अपत्ये’, आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ज्या प्रश्नापुढे आपण सगळेच अडखळतो तोच इथे आकड्यात मागितलाय. गंमत म्हणजे याच गटात ‘तुम्हाला मुलं किती?’ याचं उत्तर कसं द्यायचं यावर अख्खी बैठक होते. प्रत्येकाने आपलं उत्तर मोठ्याने म्हणून बघायचं. कोणी म्हणतं दोन. कोणी म्हणतं एक, आणि मग दिवसभर जळत राहतं. मी आता ‘दोन मुली, धाकटी नाही’ असं म्हणतो. समोरचा विचारणार असेल तर विचारतो, नसेल तर विषय बदलतो. आगगाडीत भेटलेल्या माणसाला वेगळं उत्तर आणि ऑफिसातल्या नव्या सहकाऱ्याला वेगळं, हेही चालतं. त्यात मुलाशी काही बेइमानी नाही, हे तिथल्या एका दादांनी सांगितलं तेव्हा दोघं-तिघं एकदम ‘हो’ म्हणाले. एवढं सगळं समजणाऱ्यांनी अर्जातला तो रकाना अजून का ठेवलाय, ते कळत नाही.

बैठकीचे नियम थोडे आहेत आणि ते दर वेळी वाचून दाखवतात. सुरुवातीला जरा कंटाळा येतो. नव्या माणसावर बोलायची सक्ती नाही, कॅमेरा बंद ठेवला तरी हरकत नाही. कॉल रेकॉर्ड करायचा नाही. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आणि दुःखाची तुलना करायची नाही: माझं अचानक गेलं, तुमचं आजारी होतं, तुम्हाला निदान निरोप तरी घेता आला, असलं काही नाही. हा नियम कोणी मोडला तर ताई तिथल्या तिथे थांबवतात, मोडणारा कितीही रडत असला तरी. आधी मला हे कठोर वाटलं. मग एकदा एका बाईंनी ‘तुमच्या पदरी अजून एक तरी आहे’ असं माझ्याच बाबतीत सुरू केलं आणि ताईंनी अर्ध्या वाक्यात अडवलं. बाहेर हे वाक्य ऐकून ‘हं’ म्हणायची सवय झाली होती. तिथे म्हणावं लागलं नाही.

व्हिडिओ कॉल आहे म्हटल्यावर त्याचे भोगही आलेच. एकदा एक वडील बोलता बोलता रडायला लागले आणि त्यांचा आवाजच येईना. म्यूट होते. ओठ हलतायत, खांदे हलतायत, ऐकू काहीच नाही. दहा चौकटींमधले दहा चेहरे त्यांच्याकडे बघतायत आणि ‘तुमचा आवाज येत नाहीये’ हे कोणी म्हणावं ते कोणाला कळेना. शेवटी ताई म्हणाल्या, “दादा, आम्हाला दिसतंय. ऐकू आलं नाही तरी चालेल. हवं तर नंतर परत सांगा.” त्यांनी नंतर परत सांगितलं. समोरासमोर बसण्याची सर याला नाही, हे मान्य. पण आमच्यासारख्यांना घराबाहेर पडायचंच होत नाही अशा काळात घरच्या खुर्चीतून जमतं, हा फायदा मोठा आहे. आणि नको झालं तर एक बटण दाबून निघून जाता येतं. कोणी असं निघून गेलं की थोड्या वेळाने त्यांच्यातलं कोणीतरी फोन करतं. आग्रह करत नाहीत, ठीक आहात ना एवढंच विचारतात.

या प्रकारच्या गटांची सुरुवात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत झाली. तिथल्या हॉस्पिटलात एकाच सुमारास दोन कुटुंबांची मुलं गेली. सायमन स्टीफन्स नावाच्या तरुण धर्मगुरूच्या लक्षात आलं की आपल्या बोलण्यापेक्षा हे दोन आई-बाप एकमेकांना जास्त धरून आहेत. त्यातून १९६९ साली ‘द कम्पॅशनेट फ्रेंड्स’ ही संस्था उभी राहिली, आणि आता ती अनेक देशांत आहे. आमचा गट त्यांचा नाही, पण घडण तीच. दरवर्षी डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सात वाजता जगभर मेणबत्त्या लावायची या संस्थेची प्रथा आहे, त्यात आमचा गटही असतो. मला असले कार्यक्रम फारसे झेपत नाहीत. मोठ्या मुलीला आवडतो, म्हणून शेजारी बसतो.

गटात मिळालेली आणि माझ्या सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे एका शब्दाचाही उपदेश न करता समजावलेला एक विचार. मी ऑफिसात जोक ऐकून हसायचो, हिशोब चोख करायचो, आणि मग लिफ्टमध्ये एकटा सापडलो की कोसळायचो. आपण ढोंगी आहोत की काय असं वाटायला लागलं होतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचे संशोधक मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ साली मांडलंय की शोक करणारा माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो. कधी गेलेल्याकडे, कधी पुढच्या कामाधामाकडे. ही ये-जाच निरोगी, कुठल्याही एका टोकाला अडकून पडणं त्रासाचं. मी ते ऐकून लिफ्टमध्ये रडायचा थांबलो नाही. पण हसल्यानंतर स्वतःला शिक्षा करायचा थांबलो.

दुसरी गोष्ट नातेवाइकांच्या ‘आता तिला सोडा, तिलाही शांती मिळू दे’ याबद्दलची. शोक म्हणजे गेलेल्यापासून हळूहळू सुटं होणं, ही समजूत मानसशास्त्रातही बराच काळ होती. अमेरिकी अभ्यासक डेनिस क्लास यांनी अशाच पालक-गटांमध्ये वर्षानुवर्षं बसून पाहिलं की आई-बाप सुटे होत नाहीत. मुलाशी असलेलं नातं ते वेगळ्या रूपात चालू ठेवतात, आणि तरीही नीट जगतात. १९९६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सविस्तर मांडलं. आमच्या नातेवाइकांना क्लास कोण ते सांगून उपयोग नव्हता. मला स्वतःला उपयोग झाला.

बायकोला मात्र गट मानवला नाही. काही बैठकांनंतर ती म्हणाली, “मला माझं एकच मूल रडायला पुरतं. बाकीच्यांची कुठे ठेवू?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि गटाकडेही नव्हतं. तक्रार म्हणून नाही सांगत, पण जाणार असाल तर हे माहीत असू द्या की तुम्ही इतरांच्या मुलांचं मरणही घरी घेऊन येणार आहात. ज्यांना झोपेचा त्रास आहे किंवा हॉस्पिटलातले प्रसंग सारखे डोळ्यांपुढे येतात त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. मूल जाऊन जेमतेम काही आठवडे झालेली एक आई आली होती. तिच्यापुढे आम्ही जुने लोक काय बोलणार? तिला दिसत होतं ते एवढंच की वर्षं उलटली तरी ही माणसं इथेच बसलीत. अगदी नव्यांसाठी वेगळी बैठक हवी, आणि ती नाही. गटाची ही सर्वात मोठी उणीव.

नवरा-बायकोंनी एकाच पद्धतीने शोक करावा ही अपेक्षा आम्हा दोघांनाही जड गेली. भर म्हणून कोणीतरी कानावर घातलं होतं की मूल गेल्यावर बहुतेक संसार मोडतात. हे अमेरिकेतही इतकं बोललं जायचं की ‘द कम्पॅशनेट फ्रेंड्स’च्या तिथल्या शाखेने पाहणी करून घेतली. २००६ च्या पाहणीत घटस्फोटाचं प्रमाण साधारण १६ टक्के निघालं. त्या आकड्याने आमचं भांडण मिटलं नाही, पण प्रत्येक भांडण शेवटचं वाटायचं ते थांबलं. बायकोने तिची वाट शोधली. धाकटीचा न धुतलेला एक फ्रॉक तिने हवाबंद पिशवीत ठेवलाय आणि तो क्वचितच उघडते, वास उडून जाऊ नये म्हणून. गटाच्या माहितीपत्रकात हेच लिहिलेलं आहे, की घाईने कपडे धुऊ नका, वाटून टाकू नका, वर्षभर तरी कुठलाच मोठा निर्णय घेऊ नका. तिने ते वाचलेलं नव्हतं.

फक्त वडिलांची एक बैठक अधूनमधून होते, तिला मी पाचपैकी पाच देईन. बाहेर आम्हाला जो भेटतो तो एकच विचारतो, “ती कशी आहे?” बापाला बायकोची खुशाली विचारायची असते, ही जगाची रीत. नातेवाईक आपल्याला गरम भांडं फडक्याने धरावं तसे धरतात आणि लवकर खाली ठेवतात. इथे पहिला प्रश्न असतो, “तुमचं काय चाललंय?” उत्तरं फार मोठी नसतात. एक जण म्हणाला, “गाडी चालवतो.” कुठे, ते कोणी विचारलं नाही. पुढच्या बैठकीत तिघांनी सांगितलं की तेही गाडी चालवतात.

भावंडांसाठीचं सत्र ठीकठाक. चित्रं काढायला लावतात, कागदाच्या पेट्या बनवायला लावतात. मोठी म्हणाली, “बोअर आहे, पण तिथे एक मुलगी आहे, तिच्या भावाची सायकल पण अजून जिन्यात आहे.” त्या दोघींचं पुढे जमलं. तिथल्या ताईंनी पालकांना बजावलं की मुलांशी सरळ बोला: ती वारली, तिचं शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही. ‘झोपली’ म्हटलं की लहान मुलं रात्री झोपायला घाबरतात. आणि मुलं पाच मिनिटं रडून खेळायला पळतात ते बघून त्यांना काही कळलं नाही असं समजू नका. नऊ वर्षांच्या मुलीला सगळं कळतं. ती फक्त आमच्यासमोर विचारत नव्हती.

एक सेवा फारशी कोणाला माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. गटातला एक स्वयंसेवक जुने फोन, मेमरी कार्ड, तडकलेल्या पडद्याचे हँडसेट यांतून मुलांचे फोटो आणि आवाज काढून देतो. माझ्या जुन्या फोनचं कार्ड त्याला दिलं तेव्हा त्यात काही असेल असं वाटत नव्हतं. एक क्लिप निघाली, वॉशिंग मशीनची. ड्रम फिरताना खडखडतोय हे मेकॅनिकला दाखवण्यासाठी मी काढली होती. पूर्ण वेळ नुसतं मशीन दिसतं. मागे तिचा आवाज आहे, लपाछपीचे आकडे मोजतेय. बारा, तेरा, पंधरा. मशीनच्या खडखडाटात पंधराच्या पुढचं नीट ऐकू येत नाही. स्वयंसेवकाने ‘आवाज स्वच्छ करून देऊ का’ असं विचारलं. बायको नको म्हणाली, मशीनसकट राहू दे. तुमच्याकडे जुना फोन पडला असेल तर विकू नका, ‘फॅक्टरी रीसेट’ तर अजिबात करू नका, आणि जे हाती आहे ते आजच दोन ठिकाणी उतरवून ठेवा.

हा गट म्हणजे उपचार नव्हे, आणि ते स्वतः हे दर बैठकीत सांगतात. मरावंसं वाटत असेल, दारू वाढली असेल, दुसऱ्या मुलाकडे लक्ष देणंही होत नसेल तर गटाची वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा. बराच काळ लोटूनही ओढ आणि वेदना रोज तितकीच तीव्र राहून जगणंच ठप्प झालं असेल तर त्याला ‘दीर्घकालीन शोकविकार’ हे निदान आहे. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या निदान-पुस्तिकेत मोठ्यांसाठी किमान एक वर्षाची अट आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात किमान सहा महिन्यांची. त्यावर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांनी बसवलेली १६ सत्रांची खास उपचारपद्धती आहे. गटातल्या एका आईला ताईंनीच तिकडे पाठवलं. ती नंतर परत आली, आणि बैठकीत पहिल्यांदा मुलाच्या खोडीची गोष्ट सांगितली. तोवर ती फक्त शेवटच्या रात्रीचीच सांगत असे.

गुण द्यायचे तर माझ्याकडून चार. एक कापला तो नव्यांची वेगळी बैठक नाही म्हणून आणि त्या ‘एकूण अपत्ये’ रकान्यासाठी. बायकोला विचारलं तर ती म्हणते, तीन, आणि त्यातले दोन फोनवाल्या मुलाचे.

एक सूचना त्यांना कळवलीय, तुम्ही गेलात तर तुम्हीही कळवा. मुलाच्या वाढदिवशी आणि गेल्याच्या तारखेला गटाकडून संदेश येतो, तिचं नाव घालून, दोन ओळींचा. छान असतो, फक्त सकाळी सातला येतो. तेव्हा मी मोठीच्या शाळेच्या बससाठी खाली उभा असतो. आदल्या संध्याकाळी पाठवा म्हटलं, तर म्हणाले सगळ्यांना एकदम जातो, वेळ बदलता येत नाही. एवढ्या गोष्टी जमवल्यात, हीही जमेल.